कपाटातला लॅपटॉप आणि उष्णतेची वाट

लाकडी कपाटात चाळीस वॉटचा दिवा लावून, दार घट्ट लावून घेऊन कोणी निर्धास्तपणे झोपी जाईल काय? नाही जाणार. आत कपडे आहेत, कागद आहेत, काही बरेवाईट झाले तर, असा विचार आपल्या मनात लगेच येतो. परंतु त्याच कपाटात लॅपटॉप चालू ठेवून दार लावताना मात्र आपल्याला काही वाटत नाही. कारण लॅपटॉप पेटलेला दिसत नाही. तो दिव्यासारखा पिवळाजर्द होत नाही, की शेगडीसारखा लाल होत नाही. तो गुपचूप तापतो.

आता तुम्ही म्हणाल, लॅपटॉप कपाटात कोण ठेवतो? पुष्कळजण ठेवतात. शहरातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात टेबल मांडायला जागा नसते. मग भिंतीतल्या कपाटाच्या एका कप्प्यात लॅपटॉप ठेवतात, त्याला बाहेरचा मोठा पडदा आणि कीबोर्ड जोडतात आणि दार लोटून घेतात. दुकानदार गल्ल्याखालच्या खणात लॅपटॉप ठेवतो, कारण बाहेर पिठाची, मिरचीची, सिमेंटची धूळ असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे हातही असतात. शाळेत दहा-वीस लॅपटॉप एका लोखंडी कपाटात ओळीने चार्जिंगला लावून वर कुलूप घालतात. ह्या सगळ्यांची कारणे योग्य आहेत. जागा वाचवावी, धूळ टाळावी, चोरी टाळावी, ह्यात चूक काहीच नाही. फक्त एक गोष्ट विसरली जाते. उष्णतेलाही घरातून बाहेर पडायला दार लागते.

ही उष्णता येते तरी कोठून? विजेच्या यंत्रात जेवढी वीज जाते तिचे शेवटी काहीतरी व्हायलाच हवे. पंपात गेलेली वीज पाणी वर चढवते. लॅपटॉप काही उचलत नाही, की दळत नाही. तो हिशेब करतो, चित्रे दाखवतो, पत्रे लिहितो. पण त्या कामात वीज कोठे साठून राहत नाही. बॅटरीत भरला जाणारा भाग सोडला, तर आत गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते. साधे लिखाणाचे काम असेल तर हा आकडा १० ते २० वॉटच्या घरात असतो. जड काम आणि चार्जिंग एकदम चालू असेल तर ४० ते ६० वॉट सहज होतात. चित्रफिती जोडण्यासाठी किंवा खेळासाठी घेतलेले दांडगे लॅपटॉप शंभराच्याही वर जातात.

चाळीस वॉट म्हणजे किती? पूर्वीचा काचेचा पिवळा बल्ब आठवा. कोंबडीची लहान पिले थंडीने मरू नयेत म्हणून खोक्यात असाच बल्ब टांगून ठेवतात आणि पिले त्याच्या उबेला जमतात. तुमचा लॅपटॉप बंद कपाटात हेच काम करतो. फरक इतकाच, की येथे ऊब घ्यायला पिले नाहीत. ती ऊब ज्याने निर्माण केली त्याच्याच अंगावर परत येते.

लॅपटॉप बनविणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणून त्यांनी आत एक छान सोय केलेली असते. लॅपटॉपच्या पोटात तांब्याची एक चपटी, बारीक नळी असते. तिच्यातली हवा काढून टाकून थोडेसे पाणी भरलेले असते. हवेचा दाब नसल्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या कितीतरी खाली उकळते. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, तापला की नळीच्या त्या टोकाला पाण्याची वाफ होते. वाफ दुसऱ्या टोकाला धावते. तेथे धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते आणि तिच्यावर पंख्याचा वारा येत असतो. वाफेचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतील अस्तर दिव्याच्या वातीसारखे ते पाणी शोषून मूळ जागी आणते. अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी १९६३ साली अशी उष्णतानळी प्रत्यक्ष करून दाखवली. आज ती आपल्या मांडीवरच्या यंत्रात येऊन बसली आहे.

पण ही नळी आणि हा पंखा मिळून काय करतात, हे नीट पाहा. ते उष्णता मारून टाकत नाहीत. ते तिला फक्त लॅपटॉपच्या उंबऱ्याबाहेर नेऊन सोडतात. घरातला केर काढून दारात टाकावा, तसे हे झाले. दारातला केर पुढे कोणी नेला तर घर स्वच्छ राहील. नेला नाही तर वाऱ्याबरोबर तोच केर पुन्हा घरात येईल. मोकळ्या टेबलावर खोलीतली हवा ही गरम झुळूक आपल्याबरोबर घेऊन जाते. बंद खणात तिला जायला जागाच नाही. मागच्या फटीतून बाहेर पडलेला तोच गरम वारा खालच्या जाळीतून पुन्हा आत ओढला जातो. आता प्रोसेसरला गार करायला आलेली हवाच आधी तापलेली असते.

थोडा हिशेब करू. अगदी ढोबळ हिशेब. कपाटाचा कप्पा दोन फूट रुंद, दीड फूट खोल आणि दीड फूट उंच आहे असे धरा. त्यात हवा मावेल सुमारे १२५ लिटर, आणि तिचे वजन भरेल जेमतेम दीडशे ग्रॅम. एवढ्याशा हवेला एक अंश तापवायला चाळीस वॉटच्या उष्णतेला चार सेकंदसुद्धा लागत नाहीत! सुदैवाने कपाटाच्या फळ्या आणि आतल्या वस्तू बरीच उष्णता पिऊन घेतात, आणि ती हळूहळू बाहेरही झिरपते. त्यामुळे कप्प्याची भट्टी होत नाही. पण लाकूड हे उष्णतेचे वाईट वाहक आहे. तव्याच्या मुठीला लाकूड लावतात ते ह्याच कारणासाठी. चाळीस वॉट सतत झिरपून बाहेर पडायचे असतील, तर अशा कप्प्यातली हवा खोलीपेक्षा दहा ते पंधरा अंशांनी गरम होऊन बसते आणि तेथेच राहते. खोलीत ३३ अंश सेल्सियस असेल तर आत ४३ ते ४८. पुष्कळ कंपन्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, की सभोवारची हवा ३५ अंशांपर्यंत असेल तेथेच हे यंत्र वापरावे. आपण त्याला आपल्या हाताने त्या मर्यादेच्या पार नेऊन ठेवतो.

ह्यावर बहुतेकांचा पहिला उपाय असतो पंखा. समजा, एक दुकानदार आहेत. त्यांचा लॅपटॉप गल्ल्याच्या खणात दुपारी आपोआप बंद पडू लागला. त्यांनी बाजारातून लॅपटॉपखाली ठेवायची पंख्याची बैठक आणली, खणात ठेवली आणि खण लावून घेतला. चार दिवसांनी दुरुस्ती करणारा मुलगा आला. मग संवाद काहीसा असा होतो :

“अरे बाबा, दोन-दोन पंखे लावलेत, तरी हा तापतोच कसा?”

“काका, पंखे आहेत, पण त्यांना वारा आणायचा कोठून? खण तर बंद.”

“म्हणजे पंख्याने गार होत नाही?”

“पंख्याने हवा हलते, काका. हवा गार व्हायची तर ती बदलायला पाहिजे.”

ह्या मुलाने सगळे शास्त्र दोन वाक्यांत सांगितले. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते अंगावरचा घाम वाळतो म्हणून. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याला गार करायचे तर पंख्याने बाहेरची हवा आणून दिली पाहिजे. बंद खणातला पंखा तीच हवा ढवळत राहतो, आणि स्वतः खातो ती दोन-तीन वॉट वीजही उष्णतेच्याच रूपाने खणात टाकतो. उन्हाळ्यात स्वयंपाकघर गार करण्यासाठी फ्रिजचे दार उघडे ठेवण्यासारखाच हा प्रकार. फ्रिज पुढून गारवा देतो, पण मागच्या बाजूने त्याहून अधिक उष्णता त्याच खोलीत सोडतो. दारे-खिडक्या लावून फ्रिज उघडा ठेवलात तर खोली गार होण्याऐवजी तापेल. वातानुकूलन यंत्राचा अर्धा भाग घराबाहेर भिंतीवर टांगलेला असतो तो उगीच नव्हे. उष्णता कोठेतरी बाहेर नेऊन टाकावीच लागते.

बरे, तापला तर तापला, त्याने एवढे बिघडते काय? पहिली गोष्ट, लॅपटॉप मंदावतो. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा शंभर अंशांच्या आसपास असते. पारा तेथे पोचू लागला की प्रोसेसर आपण होऊन आपला वेग कमी करतो. तेवढ्यानेही भागले नाही तर यंत्र सरळ बंद पडते. ही त्याची स्वसंरक्षणाची युक्ती आहे, बिघाड नव्हे. पण घरी बसून परीक्षा देणाऱ्या मुलीचा पडदा ऐन वेळी काळा झाला, किंवा महिनाअखेरचा हिशेब न साठवताच गेला, तर ही युक्ती फार महागात पडते. पुष्कळदा लोक “लॅपटॉप जुना झाला, हळू चालतो,” असे म्हणून नवा घ्यायला निघतात. आधी त्याला दोन दिवस मोकळ्या जागेत चालवून पाहावे. रोग यंत्राचा नसून जागेचा होता, असे निघण्याचा संभव बराच असतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ती म्हणजे बॅटरी. लिथियमची बॅटरी ही एक रासायनिक वस्तू आहे, आणि उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होतात. दूध उन्हाळ्यात लवकर नासते ना, तसेच हे. बॅटरी पूर्ण भरलेली आणि वरून सतत तापलेली, ही तिची सर्वांत वाईट अवस्था. कपाटात कायम चार्जरला जोडून ठेवलेल्या लॅपटॉपची नेमकी हीच अवस्था असते. अशी बॅटरी लवकर म्हातारी होते आणि कधीकधी फुगते. लॅपटॉपची खालची बाजू वर आलेली दिसली, बोट फिरवायची पट्टी उचलल्यासारखी वाटली, झाकण नीट बसेनासे झाले, तर समजावे की बॅटरी फुगली. मग क्षणभरही वापरू नये. चार्जर काढावा, यंत्र बंद करावे, ते कपडे-कागदांपासून दूर ठेवावे आणि जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, केराच्या डब्यात टाकू नये. तिला आग लागू शकते.

तेव्हा करायचे काय? लॅपटॉप कपाटातून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात दुसरी जागाच नाही त्याला हा सल्ला काय कामाचा? कपाटातच ठेवा, पण उष्णतेला वाट करून द्या.

जुन्या कौलारू घरातली चूल पाहा. हवा खालून चुलीच्या तोंडातून आत येई आणि धूर वर धुराड्यातून जाई. गरम हवा हलकी असते, ती वर चढते. हाच नियम येथे पाळायचा. कप्प्याच्या तळाशी, पुढे किंवा बाजूला, गार हवेला आत येण्यासाठी एक झरोका ठेवायचा, आणि समोरच्या अंगाला अगदी वर, गरम हवेला बाहेर पडण्यासाठी दुसरा. एकच भोक पाडून काम होत नाही. बाटलीचे तोंड पालथे धरले की पाणी गटगट अडखळत पडते, कारण त्याच वाटेने हवाही आत शिरू पाहते. येणे आणि जाणे ह्यांच्या वाटा वेगळ्या हव्यात.

झरोका केवढा असावा? हवा नुसती आपल्या गतीने चढायची असेल तर दोन्ही झरोके निदान हाताच्या पंजाएवढे तरी हवेत. दोन-चार बारीक छिद्रांनी भागणार नाही. चाळीस वॉट उष्णता वाहून न्यायची आणि आतली हवा खोलीपेक्षा पाच अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, असे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे सात लिटर हवा बदलावी लागते. म्हणजे सेकंदाला एक लहान कळशी! एवढे काम नुसत्या झरोक्यांना जड जाते. तेथे पंख्याचा खरा उपयोग आहे. यूएसबीवर चालणारा १२ सेंटिमीटरचा छोटा पंखा वरच्या झरोक्यात, हवा बाहेर फेकेल अशा दिशेने बसवावा. तो वरची तापलेली हवा काढून टाकतो आणि खालून ताजी हवा आपोआप येते. पाहा, पंखा तोच. खणात फिरत होता तेव्हा निरुपयोगी होता. वाटेवर बसवला की कामाचा झाला.

सुताराला बोलावण्याचीही दर वेळी गरज नाही. काम चालू असताना दार पूर्ण उघडे ठेवले तरी निम्मे दुखणे जाते. कप्प्याची मागची फळी काढता आली तर काढावी आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. खालच्या झरोक्याला पाल-झुरळांसाठी जाळी लावावी, पण ती दर पंधरवड्याला झटकावी. धुळीने भरलेली जाळी आणि बंद दार ह्यांत काही फरक नाही.

आता खुद्द लॅपटॉपकडे वळू. बहुतेक लॅपटॉप खालून हवा घेतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन बुचे ठेवली तरी खालून हवा येण्यास जागा होते. गरम वारा कोणत्या बाजूने येतो ते हात धरून पाहावे आणि ती बाजू झरोक्याकडे किंवा उघड्या दाराकडे करावी. ती भिंतीला टेकवू नये. काही लॅपटॉपांचा गरम वारा झाकणाच्या बिजागरीपाशी निघतो. अशा लॅपटॉपचे झाकण मिटून त्यावर काम करू नये, उघडे ठेवावे. काही पातळ लॅपटॉपांना पंखाच नसतो. त्यांचे अंगच उष्णता सोडते, म्हणून त्यांच्यावर वह्या-पुस्तके रचू नयेत.

आणि मुळात उष्णताच कमी निर्माण झाली तर? तेही आपल्या हाती आहे. चार्जरची डबी कपाटाबाहेर ठेवावी, तिची उष्णता तरी बाहेर राहील. लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्याची सोय असते, ती चालू करावी. साध्या कामात वेगाचा फरक जाणवतही नाही. नको असलेली कामे बंद करावीत. बऱ्याच लॅपटॉपांत बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. यंत्र कायम विजेला जोडलेले असेल तर ती अवश्य वापरावी. वर्षातून एकदा आतल्या पंख्याची धूळ जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी. धातूच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसला, तर बाहेर कितीही झरोके पाडले तरी उष्णता आतच कोंडते.

ज्याच्या त्याच्या गावच्या हवेप्रमाणे थोडे तारतम्यही हवे. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. खोलीच ४० अंशांवर असेल तेव्हा झरोका काय करणार? तो कपाटाला फार तर खोलीइतके गार ठेवील, त्याहून जास्त नाही. अशा दिवसांत जड काम सकाळी उरकावे, चार्जिंग पहाटे करावे आणि भर दुपारी लॅपटॉप कपाटाबाहेर आणावा. विदर्भातल्या माणसाला हे तत्त्व नवीन नाही. कूलर लावला की समोरची खिडकी किलकिली ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साठतो, हे तेथे लहान मुलालाही माहीत असते. हवा यायची तर आधी जुनी हवा गेली पाहिजे. मात्र कूलरच्या थेट तोंडासमोर लॅपटॉप ठेवू नये, त्यातून पाण्याचे तुषार येतात. आणि गारव्यासाठी ओले फडके किंवा बर्फाची पिशवी लॅपटॉपखाली ठेवण्याचा मोह तर कोठेच होऊ देऊ नये. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत गार वस्तूवर लगेच दव धरते, आणि पाणी हे विजेच्या यंत्राचे उष्णतेपेक्षाही मोठे वैरी आहे.

बंद जागा म्हणजे केवळ कपाट नव्हे. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे पोट गादीत रुतते आणि खालची जाळी बंद होते. तेथे एखादा पाट किंवा रुंद फळी घ्यावी. पिशवीत घालण्यापूर्वी लॅपटॉप नुसता मिटू नये, पूर्ण बंद करावा. अर्धवट झोपलेला लॅपटॉप कधी पिशवीतच जागा होतो आणि तापत राहतो. उन्हात उभ्या केलेल्या, काचा लावलेल्या मोटारीत तासाभरात बाहेरपेक्षा वीसएक अंश जास्त उष्णता होऊ शकते. तेथे तर तो बंद असला तरी ठेवू नये.

हे सगळे खरे की खोटे, ते माझ्यावर विसंबून मानू नका. भिंतीवर टांगायचा साधा तापमापक घ्या. तो लॅपटॉपच्या कप्प्यात, पण गरम वारा थेट लागणार नाही असा ठेवा. दार लावून तासभर नेहमीचे काम करा आणि आकडा टिपून ठेवा. मग दार उघडे ठेवून तसेच करा. त्यानंतर झरोके पाडून, पंखा लावून पुन्हा करा. प्रत्येक वेळी खोलीतला आकडाही लिहा. कप्पा आणि खोली ह्यांतला फरक पाच अंशांच्या आत आला की तुमचे काम झाले. दहाच्या वर राहिला तर वाट कोठेतरी अडली आहे, ती शोधा. घरातल्या शाळकरी मुलांना हा प्रयोग करू द्या. विजेची आणि भोके पाडण्याची कामे तेवढी मोठ्यांनी करावीत. एका पानावर तीन रकाने आखून त्यांनी आकडे मांडले, की शाळेत शिकलेला उष्णतेचा धडा त्यांना घरच्या कपाटात भेटेल, आणि लॅपटॉपचे आयुष्य वाढेल ते वेगळेच.